चार भोकांचा स्पेसर

आमच्या ह्यांना आवळायची सवय. नळ, बरणीचं झाकण, दाराची कडी. एकदा बंद करून ह्यांचं समाधान म्हणून होत नाही. घाटातल्या चढाच्या मोटार-शर्यतीच्या सकाळी हीच सवय भोवली.

गाडी हे चालवतात, इंजिन ट्यून करतात माझ्या नणंदबाई. वन्संनी कार्ब्युरेटरखाली बोटभर जाडीचा स्पेसर बसवला होता, काळ्या बेकलाइटचा, चार भोकांचा. त्याने इंजिनाची धग पेट्रोलपर्यंत जात नाही आणि चढाला गाडी कमी वेगातही ओढ घेते, असं त्यांनी मला भांडी घासता घासता समजावलं होतं. एका मोठ्या रेसिंग टीमचे साहेब त्या दिवशी त्यांचंच काम बघायला यायचे होते. गाडी नीट धावली तर वन्संना तिथे नोकरी. आजवर सगळीकडून ‘बघू’ ऐकून त्यांचे कान किटले होते.

आणि ह्यांनी कुणाचं लक्ष नाही असं पाहून स्पेसरच्या नटांना आणखी एकेक पीळ दिला. सैल नको राहायला म्हणून.

रांगेत इंजिन धापा टाकू लागलं. वन्संनी कार्ब्युरेटरच्या बुडाशी क्लीनरचा फवारा मारला, तसा इंजिनाचा आवाज बदलला. म्हणजे नको ती हवा तिथल्याच फटीतून शिरत होती. उघडून पाहतात तो स्पेसर आरपार तडकलेला. जादा दुसरा नव्हता. ह्यांचा चेहरा पाहूनच त्यांनी ओळखलं. रागावल्या नाहीत, आणि ह्यांना तेच जास्त लागलं.

शेजारी मिशीवाले उभे, दर शर्यतीतले आमचे प्रतिस्पर्धी. त्यांच्या पेटीत एक स्पेसर होता, पण एकाच मोठ्या भोकाचा. तो सरळ रस्त्यावर पळवतो, चढाला सुस्तावतो. वन्संनी तोही चालेल म्हणत हात पुढे केला. मिशीवाल्यांनी तो दिला नाही. आपल्या गाडीतला चार भोकांचा काढून वन्संच्या हातावर ठेवला आणि तो सुस्त स्वतःच्या इंजिनाला लावायला घेतला.

“अहो, मग तुमचं काय?” वन्संनी विचारलं.

“बाई, तुमच्या लंगड्या इंजिनाला हरवून मी घरी काय सांगू?” मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही तेवढा पान्याला हात लावू नका.”

ह्यांनी हात पाठीमागे बांधले. नट वन्संनी आवळले, हलक्या हाताने, समोरासमोरचे आलटूनपालटून.

गाडी सुटली आणि मी डोळे मिटून नाम घेत राहिले. उघडले ते टाळ्यांनी. आम्ही पहिले. मिशीवाले मागे राहिले. वरच्या वळणावर त्यांची गाडी दमताना सगळ्यांनी पाहिली.

साहेब शोधत आले तेव्हा वन्सं बॉनेटखाली वाकून स्पेसर काढत होत्या. आधी ज्याचं त्याला देऊ द्या, म्हणाल्या. साहेब थांबले. नोकरीचं बोलणं वन्संनी स्पेसर पुसता पुसता ऐकलं आणि हो म्हटलं.

तो परत द्यायला हे स्वतः गेले. मिशीवाल्यांनी स्पेसर उजेडात धरून चारही भोकांतून पाहिलं.

“तडा नाही. म्हणजे पाना बाईंकडेच होता.”

देव कुणाच्याही रूपाने उभा राहतो, हे कीर्तनात पुष्कळ ऐकलंय. त्याला मिशा असतील असं कुणी सांगितलं नव्हतं. आता वन्सं सकाळी कामावर निघतात, हे त्यांच्यामागे दाराची कडी पुन्हा ओढून बघतात, आणि मी दिव्यापुढे मिशीवाल्यांसाठी हात जोडते.