शेजारच्या बागेतली मजुरी

शनिवारी सुकलालने बांधावर बसून बायांची मजुरी वाटली. आठवडाभर केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापायला पाच बाया होत्या, पैसे चौघींना मिळाले. पाचवी त्याची बायको मनकर्णा. ती विळे धुऊन पिशवीत भरत होती.

सोमवारी सकाळी ती भाकरी बांधून निघाली आणि स्वतःच्या बागेपाशी न थांबता पुढे गिरधरच्या बागेत शिरली.

"भाभी, तुम्ही?" गिरधर गडबडला. "सुकलालभाऊला माहीत आहे?"

"दिसेलच त्यांना. मजुरी काय देता?"

"अडीचशे."

तिने पदर खोचला.

दोन्ही बागांमध्ये फक्त एक बांध. दिवसभर तिचं लक्ष पलीकडेच होतं. तिच्या जागी सुकलालने एक नवी पोरगी आणली होती. पिलू कापताना तिचा विळा मोठ्या खोडाला लागत होता. दोनदा मनकर्णा बांधापर्यंत गेली आणि परत फिरली. संध्याकाळी पैसे हातात आले, तरी मन लागेना.

ती घरी आली तेव्हा सुकलाल ओट्यावर बसला होता. "त्या पोरीनं पंचवीस झाडं खराब केली."

"पाहिलं मी."

"पाहिलं अन् गप्प बसली?"

"दुसऱ्याच्या कामावर होते. विळा टाकून कशी येऊ?"

सुकलाल म्हणाला, "उद्या आपल्यात ये. तुलाही अडीचशे देतो."

हेच ऐकायला ती दिवसभर राबली होती. पण ऐकल्यावर ती आणखीच बिथरली. "बावीस वर्षं बाग मी सांभाळली, अन् आता मला मजूर करता? पैसे राहू द्या. व्यापारी येईल तेव्हा भाव ठरवायला मी बसणार."

सुकलाल हातपाय धुवायला गेला. दुसऱ्या दिवशी ती आपल्या बागेत गेली.

गुरुवारी व्यापारी आला, तशी मनकर्णा येऊन खाटेवर बसली. व्यापाऱ्याने सुकलालकडे पाहिलं.

"तिलाच विचारा," सुकलाल खाली बघत म्हणाला. "कोणता घड कधी भरेल ते तिला ठाऊक."

तिने भाव सांगितला. तेवढा मिळाला नाही, पण व्यापाऱ्याने क्विंटलमागे पन्नास वाढवले. मग तिघं नुसते बसून राहिले. चहाला कोणी उठेना. मनकर्णाचे पाय सारखे हलत होते. शेवटी सुकलाल उठून आत गेला.

"साखर कुठं आहे?"

"वरच्या फळीवर," ती म्हणाली. उठून द्यावी असं फार वाटत होतं. तिने खाटेची कड घट्ट धरली.