काजळामागं लपलेली

ओ पावणं, हिकडं बघा! न्हाई दिसणार, मी लई बारीक हाये. मी एक पेशी बोलतीय. मज्जातंतूची व्हणार व्हते, पण शाळा अर्धी सोडली.

प्रज्ञा आईच्या पोटात व्हती, तवा आमची लाईन निघाली तिच्या पाठीच्या कण्याजवळनं. बाळाला धड नाकबी न्हाई, अन् आमाला ठाव, कुठं जायचं अन् काय व्हायचं! कोण सांगतं राव? प्रत्येकीच्या आत जीन असत्यात, त्ये सांगत्यात. कुणी आतड्याकडं गेली, कुणी काळजाकडं. माझी टोळी गेली मूत्रपिंडावर टोपीसारखी ग्रंथी असती तिथं. बाकीच्या शिकल्या, लांब तंतू काढून कामाला लागल्या. मी न्हाई.

माझ्यात 'वाढ, वाढ' म्हणणारा एक जीन हाये. डॉक्टर लोक त्याला एमवायसीएन म्हणत्यात. शहाण्या पेशीत त्याच्या दोन प्रती. माझ्यात नक्कल करताना घोटाळा झाला अन् ढीगच लागला. लग्नाच्या मांडवात शंभर भोंगे एकदम वाजल्यावर दुसरं काय ऐकू येणार? 'आता थांब, मोठी हो' सांगणारा आवाज पार बुडाला. मी नुसती दुप्पट व्हत ऱ्हायले.

खाण्याचं तर इचारूच नका. साखर दिसली की वढ. नीट जाळायला सवड कुणाला? अर्धी जाळायची, आंबट राख बाहेर टाकायची. प्रज्ञाचा बाप कपिल टमाट्याचा पिकअप चालवतो. त्यो पिकअप कसा डिझेल ढोसतो अन् काळा धूर सोडतो, तसं आमचं. फरक येवढाच, आमी अर्धवट जळल्या मालातनं नव्या पेशी बांधतो. हाये का न्हाई डोकं?

पोरगी मातर वाळत चालली. "दात येत्यात, म्हणून खात न्हाई," जानकाबाई आजी म्हणायची.

मग मी रक्तातनं फिरायला निघाले अन् तिच्या डोळ्यामागच्या हाडात घर केलं. गर्दी झाली, रक्त साकळलं, दोन्ही डोळ्यांभवती जांभळं-काळं उठलं. म्हणलं, आता सापडले! पण आजी रोज सकाळी नातीला काजळ घालायची, चांगलं बोटभर. माझं काळं तिच्या काळ्याखाली गपकन लपलं. आयता पडदा!

सापडले कुठं म्हाईतीय? घोडेगावला, आधारच्या फोटोला. कपिलनंच पिकअपमधनं नेलतं.

"आजी, काजळ पुसा, फोटो काळा येतोय," कॅम्पुटरवरचा पोरगा म्हणला.

आजीनं पदर वला करून पुसलं.

"नीट पुसा की!"

"पुसतीय की रं बाबा! आधी तुझा क्यामेरा पूस."

तिनं परत पुसलं. पदर कोरा निघाला. डोळं तसंच काळं. आजीनं पदराकडं बघितलं, नातीकडं बघितलं. बारीक आवाजात म्हणली, "कपिल, गाडी काढ. ह्ये काजळ न्हाई."

पुण्याच्या दवाखान्यात आमचा टाकलेला कचरा आधी पोरीच्या लघवीत गावला. मग मला गंडवलं राव, मला! आमाला आवडतं तसल्या रसायनासारखंच दिसणारं एक औषध सोडलं, किरणं टाकणारा कण चिकटवून. आमी अधाश्यासारखं गिळलं अन् मशीनच्या पडद्यावर लखलखलो, पोटात, हाडात, डोळ्यामागं. असली खोडी मला आयुष्यात सुचली न्हाई.

"माझ्या काजळानं झालं का वो?" आजीचा आवाज फाटला.

"नाही आजी," डॉक्टरीणबाई म्हणल्या. "पेशी नक्कल करताना चुकली, तुम्ही नाही. काजळामुळं दिसायला उशीर झाला, इतकंच. हा कॅन्सर आहे, चिवट आहे. पण आपण सोडायचं नाही."

मग सलाईनीतनं जालीम औषधं, ऑपरेशन. माझी टोळी धडाधड मेली. पोरीचं केस गेलं, पोटात घास ठरंना. तरी ती सलाईनच्या दांड्याला धरून "बाबा, माझा पिकअप!" करत वार्डभर ढकलायची. मी बघत बसले. येवढंसं लेकरू, अन् आत येवढी ताकद कुठनं आली?

शेवटी एक औषध घासातनं आलं, व्हिटॅमिन 'ए'च्या भावकीतलं. त्यानं मला मारलं न्हाई. भोंगे हळू केलं. पयल्यांदाच मला त्यो जुना आवाज ऐकू आला, 'मोठी हो.' अंगातनं बारीक टोक फुटलं, त्याचा लांब तंतू झाला. दुप्पट व्हायचंच इसरले! मी बघतच ऱ्हायले सोताकडं. ह्ये सगळं माझ्यातच लिवलेलं व्हतं व्हय?

पण समद्याच ऐकतील असं न्हाई. एखादी कुठंतरी दबा धरून असंल. म्हणून तपासण्या चालू हायेत, अन् घरात अजून कुणी मोठ्यानं "बरी झाली" म्हणत न्हाई.

तुमाला एकच मागणं. लेकराचं कोरं तोंड उजेडात बघत जा. अन् पुसून जात न्हाई असं काळं दिसलं, तर वाट बघू नका.

परवा आधारचा फोटो ऱ्हायलेला काढला. त्योच पोरगा.

"आजी, आज काजळ न्हाई?"

"न्हाई. हायेत तसं येऊ दे डोळं."

प्रज्ञा टकल्या डोक्यानं खुदकन हसली. मी तिच्या डोळ्यामागंच व्हते, गप उभी. फोटोत आले न्हाई.