वॉनिटाची व्हॅन

वॉनिटा प्रूइटनं सवयीनं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, तर आत रेक्स बसलेला. त्यानं हातातला कॉफीचा कप सावरला.

"या बाजूला आता मी बसतो, वॉनिटा," तो म्हणाला. रेक्स तसा वाईट माणूस नाही. आधी दुधाचा टँकर चालवायचा, निवृत्त झाल्यावर घरात करमेना म्हणून त्यानं तिची व्हॅन विकत घेतली. पण कुठं काय बोलावं याची अक्कल त्याला पहिल्यापासून बेताचीच.

"माहीत आहे मला," म्हणत तिनं दार लावलं.

ओहायोतल्या आमच्या भागात आमिश लोक, म्हणजे अजून घोडागाडीतून फिरणारे जुन्या वळणाचे ख्रिस्ती, स्वतः मोटार चालवत नाहीत, दुसऱ्यानं चालवली तर मात्र खुशाल बसतात. बाहेरच्यांना याचं हसू येतं. इथल्या कितीतरी चुली त्यावर पेटल्या. वॉनिटाचीही. नवरा गेल्यावर तिनं ही मोठी व्हॅन घेतली आणि केस पिकेपर्यंत आमिश कुटुंबांना दवाखान्यात, लग्नाला, मयताला नेलं. त्यांची भाषा तिला बोलता येत नव्हती, पण कुणाच्या घरात काय शिजतंय ते सगळं कळायचं.

गेल्या हिवाळ्यात चौकात बर्फावरून व्हॅन घसरली आणि उभ्या असलेल्या एका मोटारीवर आदळली. हीटरच्या दुरुस्तीपायी वॉनिटानं नेमका त्याच महिन्यात विम्याचा हप्ता लांबणीवर टाकला होता, त्यामुळे विमा बंद पडलेला. मोटारीतल्या बेव्हर्ली नावाच्या शिक्षिकेचा खांदा दुखावला. दुसऱ्या दिवशी वॉनिटा कोंबडी-नूडल्सचं भांडं घेऊन तिच्या दारात उभी. बेव्हर्लीनं तिला आत घेतलं. माझा विमा आहे, तो बघून घेईल, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, म्हणाली. दोघी रडल्या, मग कॉफी प्यायल्या. वॉनिटाच्या लेखी प्रकरण मिटलं.

विमा कंपनीनं बघून घेतलं खरं. बेव्हर्लीची भरपाई केली आणि तेवढ्या रकमेचा दावा वॉनिटावर ठोकला. कोर्टाचा कागद घेऊन ती एनॉस यूट्झीकडे गेली. एनॉस तिचं सगळ्यात जुनं आमिश गिऱ्हाईक. घरातल्यासारखाच.

"जिचं नुकसान झालं तिनं माफ केलं ना?" त्यानं विचारलं.

"केलं की."

"मग भांडायला उरलं कोण? कोर्टात कशाला जायचं?"

आमिश माणूस कोर्टाची पायरी चढत नाही, ते त्याच्या रक्तात आहे. पण वॉनिटा काही आमिश नव्हती. इतकी वर्षं त्यांच्यात वावरून ती तेवढंच विसरली, असं मला वाटतं. तारखेला ती गेली नाही. तिच्या गैरहजेरीत निकाल लागला आणि रक्कम फिटेपर्यंत तिचा परवाना काढून घेतला. व्हॅन विकली, ते पैसे कंपनीला गेले, तरी फिटलं नाहीच. एनॉस आपल्या आमिश लोकांकडून वर्गणी काढायला निघाला तेव्हा ती त्याच्यावर भडकली. चूक माझी, ते पैसे तुमच्या आजाऱ्यांसाठी ठेवा, म्हणाली. परवाना परत मिळेपर्यंत आपल्याला कोण विचारणार, ही धास्ती तिनं कुणाला बोलून दाखवली नाही.

मग एनॉसची आई शेजारच्या इंडियाना राज्यात वारली. तो स्वतः सांगायला आला.

"आई सारखी तुझी चौकशी करायची. तू यायला हवंस."

"कशी येऊ?"

"आमच्याबरोबर बसून."

म्हणून आज ती व्हॅनला वळसा घालून मागे गेली. पुढच्या जागा पुरुषांच्या. ती शेवटच्या बाकावर एनॉसच्या बायकोशेजारी, फॅनीजवळ बसली. या बाकावर ती कधी बसलीच नव्हती. तिथून रस्ता दिसेना, दिसत होत्या फक्त बायकांच्या काळ्या टोप्या. रेक्सनं वळण जोरात घेतलं तसा वॉनिटाचा पाय ब्रेक शोधायला लागला. फॅनीनं ते पाहिलं.

फॅनीची सगळी मुलं दवाखान्यातून याच व्हॅनमधून घरी आली होती. वॉनिटानंच आणली, पण तिनं ती पाहिली आरशातून. धाकटा तेवढा रेक्सनं आणला. तो आईच्या मांडीवर कुरकुरत होता.

"धर जरा याला," फॅनी म्हणाली. "आज तुझे हात मोकळे आहेत."

वॉनिटानं पोर घेतलं, त्याची मान नीट सावरली, आणि तेव्हा कुठं तिला रडू आलं. इंडियाना अजून बरंच लांब होतं. रस्त्याकडे बघायचं काम आता तिचं नव्हतं.