शंभरावं पत्र

"वाच की मग," अव्वा म्हणाल्या. "समद्या बस्तीनं वाचलं, मीच तेवढी ऱ्हायलो."

कसबा बावड्यातल्या घराच्या सोप्यात शनिवारची दुपार पसरली होती. अव्वा भिंतीला टेकून घेवडा निवडत होत्या. प्रत्येक शेंग नखानं उघडायच्या, आत अळी नाही ना बघायच्या आणि मगच सुपात टाकायच्या. समोर त्यांची सून रोहिणी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. दीड वर्षाची रुचू नुकतीच झोळीत झोपली होती.

रुचू झोपली की रोहिणीचा लिहायचा तास. पोटुशी असताना नोकरी सोडली, तेव्हापासून अशाच चोरट्या तासांतून तिनं 'शिळोप्याचं पत्र' चालवलं होतं. दर रविवारी सकाळी सातला ते ईमेलनं चारशे बारा जणांच्या घरी पोचायचं. उद्याचं शंभरावं. मथळाही ठरला होता, 'शंभर पत्रांनी मला काय शिकवलं'. वार आणि वेळ चुकवू नये. सभेसाठी नाही, एका माणसासाठी लिहावं. मोठ्या विषयांच्या मागं धावू नये, आपल्या घरातलं बारीकसारीक लिहावं.

या तिसऱ्या धड्याला उदाहरण म्हणून नव्व्याण्णवावं पत्र द्यायचं तिनं योजलं होतं. पण चार दिवस हात तिथंच अडत होता. आणि अव्वांना नेमकं तेच ऐकायचं होतं.

पर्युषणात अव्वांनी दहा उपवास धरले होते. दिवसातून एकदा पाणी, बाकी काही नाही. सहाव्या दिवशी रुचू झोपायला तयार नव्हती आणि पत्र अर्धं राहिलं होतं. "अर्धा तास धरता का, अव्वा?" म्हणत रोहिणीनं पोरगी त्यांच्याकडं दिली. थोड्या वेळानं पाणी प्यायला उठली तर स्वयंपाकघरात अव्वा पाठमोऱ्या उभ्या. रुचू कडेवर, हात गुळाच्या डब्यात. एक खडा त्यांनी तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

रोहिणी आल्या पावली मागं फिरली. तिला भरून आलं होतं, हे खरं. अर्ध्या पत्राचा विषय तिनं तिथल्या तिथं बदलला. त्या रविवारी त्रेसष्ट उत्तरं आली, आधी कधीच आली नव्हती तितकी. इचलकरंजीला दिलेली नणंद सुनंदाआक्का तर वाचून हरखून गेली. आपली वहिनी किती छान लिहिते म्हणून तिनं ते पत्र माहेरच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जमणाऱ्या बायकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलं.

बुधवारी बस्तीत पारणं होतं. दहाही उपवास पुरे केलेल्यांना पाटावर बसवून हार घातले. अव्वा मागच्या चटईवर बसल्या होत्या. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "काय राजमतीबाई, गूळ ग्वाड हुता का?" बायका हसल्या. अव्वाही हसल्या. रोहिणी खांबाशी उभी होती. जमीन दुभंगली असती तर बरं, असं तिला झालं.

"वाच," अव्वा पुन्हा म्हणाल्या.

रोहिणी वाचू लागली. स्वतःचंच लिहिणं तिच्या जिभेला जड झालं. "'...देवाकडेही पाठ करून, चोरून खाल्लेला तो एक खडा. त्या क्षणी मला माझ्या सासूबाई पहिल्यांदाच माणूस वाटल्या...'"

ती थांबली.

"त्येच्या आदी काय वाटत हुतो?" अव्वांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

रोहिणीची नजर पुन्हा त्याच ओळीवर गेली.

"बरं लिवतीस. पर चोरून न्हवतं ते." अव्वांनी एक शेंग उघडली. "डोळ्याम्होरं अंधारी आलती. पोरगी कडंवर. खाली ठिवाय वाकलो असतो तर दोघीबी पडलो असतो. डबा हाताशी हुता."

"मला हाक मारायची की, अव्वा."

"तू लिवत हुतीस न्हवं?"

सुपात शेंग पडल्याचा आवाज झाला.

"त्याच दिशी बस्तीत जाऊन उपाध्यांस्नी सांगून आलो. उपास मोडला, माझं नाव काढा म्हटलं. त्येनी विचारलं, कसा मोडला? मी म्हटलं, मोडला. सुनंनं पोरगी दिली हुती असं बस्तीत कशाला सांगू?"

रोहिणीला गुरुवारची सकाळ आठवली. क्षमावाणीचा दिवस. चारशे बारा जणांना तिनं ईमेल केला होता, 'जाणता-अजाणता आपलं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा'. लिहिताना डोळ्यांसमोर एकच माणूस होतं, आणि त्या माणसाकडं ईमेल नव्हता. ती ते पाठवत असतानाच अव्वा दारात येऊन हात जोडून उभ्या राहिल्या होत्या. "कायबी बोललो असलो तर क्षमा कर गं." आणि ती फोनवरची नजर न काढता, शेजारणीला म्हणावं तसं म्हणाली होती, "उत्तम क्षमा, अव्वा."

"मी लिहिते," ती आता घाईघाईनं म्हणाली. "खरं काय झालं ते उद्याच्या पत्रात सगळं लिहिते. आक्कांना सांगते, त्याच गटावर टाका म्हणून. मग तुमच्याबद्दल कुणी—"

"नगं."

"पण अव्वा, खरं कळू दे की लोकांना."

"खरं बी नगं नि चांगलं बी नगं." अव्वांनी पहिल्यांदाच मान वर केली. "माझ्यावर लिवू नगंस, रोहिणी. एवढंच हाय बघ."

रोहिणीनं लॅपटॉप मिटला. हात जोडून ती अव्वांच्या पायांशी वाकली आणि हुंदके देऊ लागली.

"ऊठ. पोरगी जागी हुईल." अव्वांनी पुढ्यातल्या निम्म्या शेंगा तिच्याकडं सारल्या. "घे. घाई करू नगंस, एकेक उघडून बघ."

रविवारी सात वाजता पत्र गेलं नाही. त्या वेळी रोहिणी रुचूला कडेवर घेऊन अव्वांच्या मागून बस्तीच्या पायऱ्या चढत होती. आत बायकांनी वळून पाहिलं. अव्वांनी कुणाकडं पाहिलं नाही. त्या मागच्या चटईवर बसल्या आणि हातानं पदर आवरत थोड्या बाजूला सरकल्या, सुनेपुरती जागा करून.