हळदीकुंकवाविना इंजिन

संतोषने साखळीला शेवटचा हिसका दिला. नवं इंजिन गाडीच्या उघड्या तोंडावर येऊन लोंबकळत थांबलं, तसे त्याने हात पुसले.

"बाई, हळदीकुंकू लागल्याबगर आमी इंजिन खाली सोडत नाई. सूनबाई येऊन राहिल्या ना? त्यायच्या हातानं होऊ द्या."

विनोदिनीबाईंनी बाकावर तयार ठेवलेल्या हळदीकुंकवाच्या ताटाकडे पाहिलं. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथच्या शाळेत तीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं. संतोष त्यांच्याच हाताखालून गेलेला. नवऱ्याला, नरसिंगरावांना, गाडी चालवायला कधी जमलंच नाही. सुट्ट्या लागल्या की बाई गाडी रानावनात हाकायच्या, रात्री दोघं तिच्यातच झोपायची आणि मुक्कामाला नरसिंगराव मागच्या फळीवर गॅस पेटवून पोहे करायचे. ते जाऊन दोन वर्षं झाली. गाडी विक, हैदराबादला आमच्याकडे राहायला ये, असा मुलाचा, चिरागचा हेका होता. बाईंनी उत्तरादाखल इंजिन बदलायला टाकलं.

दुपारी चिराग बायकोला, मयूरीला, घेऊन आदिलाबादला पोचला, तो थेट गॅरेजवरच. संतोषची अट ऐकून त्याला बरंच वाटलं.

"मयूरी लावणार नाही," तो म्हणाला. "ह्या वयात एकटी रानावनात फिरशील आणि काही झालं तर?"

"तुमच्या फ्लॅटात बसून मी काय करू? लिफ्टचे मजले मोजू?"

चिरागने हाताची घडी घातली. त्या घडीचाच बाईंना संताप आला. आईला घरी न्यायला आलेला मुलगा असा उभा राहतो? त्यांनी कुंकवाचं ताट ओढून घेतलं.

संतोष चुळबुळला. "बाई, तुमी कशाला..."

"काऊन? गाडी मी चालवणार हाओ. कुंकू बी मीच लावीन."

हळदीची, कुंकवाची ठसठशीत बोटं त्यांनी इंजिनावर ओढली. बोटं सरळ उमटली. संतोष साखळी सैल करू लागला.

चिरागने मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. मयूरी गाडीत डोकावून मागची झोपायची फळी हाताने चाचपून पाहत होती. गाडी कधी मिळेल, असं तिने संतोषला विचारलं. तो म्हणाला, परवा.

तिने फोन काढला आणि तिथेच उभं राहून ऑफिसात परवापासून दहा दिवसांची रजा मागितली.