सात नंबरच्या टाइपरायटरवरचं भांडण

मी टाइपरायटर बोलतोय. बोलतोय म्हणजे खडखडतोय म्हणा हवं तर. सोलापुरात बाळीवेशीजवळ आबासाहेबांचा टायपिंगचा क्लास आहे, तिथल्या खिडकीशेजारच्या टेबलावरचा सात नंबर तो मीच.

माझा जन्म कलकत्त्याकडचा. कारखान्यात माझ्या भावंडांना इंग्रजी अक्षरं बसवली आणि मला मराठी. तेव्हा मी जरा खट्टूच झालो होतो. पण सोलापुरात येऊन पाहतो तर काय, क्लासात इंग्रजी मशीनं ओळीनं मांडलेली आणि धड चालणारं मराठी मशीन मी एकटाच! मग माझा रुबाब काय विचारता! मराठी शिकणारे तासातासाने माझ्यापुढे येऊन बसायचे. कुणी कन्नडमध्ये पुटपुटायचं, कुणी तेलुगूत. उमटायची मात्र मराठी.

माणसं स्वतः चुकतात आणि रागाने मला बुक्की मारतात, हे मला कधीच पटलेलं नाही. असो.

चौऱ्याहत्तर साली वळसंगहून दाक्षायणी क्लासला येऊ लागली. सकाळची पहिली एसटी पकडून यायची, सातच्या तासाला. तिची बोटं अशी हलकी की कळ दाबली गेली हे मला अक्षर उमटल्यावर कळायचं. तिच्यानंतर आठच्या तासाला यायचा कुंभारीचा शरणप्पा. तो दुपारपाळीला चादरीच्या कारखान्यात मागावर असायचा. त्याच्या एकेका ठोक्याने टेबलावरची शाईची दौत नाचायची.

माझ्या अंगाला एक छोटी चकती आहे. ती एकीकडे फिरवली की कळा हलक्या होतात, दुसरीकडे फिरवली की जड. बाकीच्यांना तिचा पत्ताच नव्हता. दाक्षायणीला हलक्या हव्यात, शरणप्पाला जड. झालं, भांडणाला एवढं पुरे.

"काल परत जड करून गेलात व्हय? माजी बोटं मोडायची हायत का तुमाला?" दाक्षायणी दारातच त्याला अडवायची.

"आन तुमी हलकं करून जाता त्याचं काय? नुसतं हात ठिवला तर चार अक्षरं पळत्यात की!"

आबासाहेब चष्म्यावरून दोघांकडे बघायचे आणि पुन्हा पेपरात तोंड घालायचे.

मग दिवाळीनंतर कधीतरी गंमत झाली. तास संपल्यावर उठता उठता शरणप्पाने हळूच चकती हलक्यावर फिरवली, उद्या सकाळी येणारीसाठी. दुसऱ्या दिवशी दाक्षायणीला कळा हलक्या लागल्या. जाताना तिनेही चकती जडवर आणून ठेवली. तेव्हापासून हे रोजचंच झालं. भांडण बंद पडलं. मी तर मनातून इतका खूश होतो की माझी घंटी जरा जास्तच गोड वाजू लागली होती.

संक्रांतीच्या सुमारास आणखी एक गोष्ट घडली. ती फक्त मला ठाऊक होती. शरणप्पा येऊन बसला आणि तिने जड करून ठेवलेली चकती त्याने पुन्हा हलकी केली. पहिल्या दिवशी अक्षरं एकमेकांवर चढली, अक्षरांच्या काड्या एकमेकींत अडकल्या. पण गडी हटला नाही. रोज हलक्यावरच टाइप करू लागला. त्याचे जाडे हात हळूहळू शहाण्यासारखे वागू लागले.

पाडव्यानंतर शहरातल्या क्लासवाल्यांनी मिळून मराठी टायपिंगची स्पर्धा ठेवली. पहिल्या येणाऱ्याला एका सहकारी कचेरीत नोकरी मिळणार होती. दाक्षायणीचे वडील रुद्रप्पा यांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, "पयली आलीस तर नोकरीला जा. न्हाय आलीस तर एसटी बंद, क्लास बंद." पोरीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. शरणप्पालाही नोकरी हवी होती, मागाच्या खडखडाटाने त्याचे कान किटले होते.

टायपिंगच्या सरकारी परीक्षेप्रमाणेच इथेही मशीन ज्याने त्याने आपलं आणायचं होतं. आबासाहेबांनी मला चादरीत गुंडाळून टांग्यात ठेवलं. या बाजूला दाक्षायणी, त्या बाजूला शरणप्पा, मध्ये मी. टांगा निघाला स्पर्धेच्या सभागृहाकडे. मशीन एकच असल्यामुळे शरणप्पा पहिल्या तुकडीत बसणार होता आणि दाक्षायणी दुसऱ्या.

शरणप्पा बसला आणि त्याने सवयीने चकती हलकी केली. मागच्या बाकावरून दाक्षायणीने ते पाहिलं. तिचा चेहरा लालबुंद झाला. शेजारी पटका बांधून बसलेले रुद्रप्पा म्हणाले, "ह्या गड्याचा आवाज लई मोठा. ह्योच जिंकणार बग!"

मग तिची पाळी आली. ती अशा संतापात बसली की मला धडकीच भरली. पण तिचा राग डोळ्यांत होता, बोटांत नव्हता. बोटं नुसती धावत होती. मी आयुष्यात इतक्या वेगाने कधी पळालो नव्हतो. रुद्रप्पा घाबरून विचारत होते, "आवाजच न्हाय की! मशीन बंद पडलं का काय?"

निकाल लागला. दाक्षायणी पहिली, शरणप्पा दुसरा.

टाळ्या थांबायच्या आत दाक्षायणी परीक्षकांपुढे जाऊन उभी राहिली. "ह्यो नंबर मला नको. ह्यास्नी जड मशीन लागतं, तरी माज्यासाटी मुद्दाम हलक्यावर टाइप केलं. हरले ते माज्यामुळं. भीक घातलेली नोकरी मी घेणार न्हाय."

माझा जीव कासावीस झाला. खरं काय ते मला माहीत होतं आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता!

"अवो, मुद्दाम न्हाय!" शरणप्पा धावत आला. "संक्रांतीपास्नं मी हलक्यावरच करतोय. तुमची बोटं कशी चालत्यात ते मला कळावं वाटायचं. मग तीच सवय लागली."

दाक्षायणीने कपाळाला हात लावला. "मग रोज जाताना मी ती चकती फुकटच फिरवत हुते व्हय?"

सभागृहात हशा पिकला. पण तिची खात्री पटेना. शेवटी आबासाहेबांनी चकती जड केली आणि शरणप्पाला तोच उतारा पुन्हा टाइप करायला बसवलं. बिचारा जडावर आणखीच मागे पडला! कागद बाहेर काढताना तो स्वतःच पोट धरून हसत होता. दाक्षायणीने डोळे पुसले, आणि मग तीही हसली. नंबर तिचाच होता, कुणाच्या उपकाराचा नव्हता.

रुद्रप्पा उठून उभे राहिले. "जा पोरी नोकरीला. मी शब्द दिलाय." मग शरणप्पाकडे वळून म्हणाले, "हरल्यावर इतकं हसणारा माणूस मी पयल्यांदाच बगितला. घरी या एकदा, आईवडलांना घिऊन."

ते आले, आणि त्या वैशाखातच अक्षता पडल्या.

आता माझी रिबन वारंवार फिकी पडते आणि 'ळ' थोडा तिरका उमटतो. आबासाहेब म्हणतात, विश्रांती घे. पण मला झाकून ठेवू नका हो. दर रविवारी दाक्षायणी नवऱ्याला घेऊन क्लासात येते, कारण यंदाही स्पर्धा आहे, त्यात तो पुन्हा उतरणार आहे आणि हौसेखातर तीही. ती त्याला शिकवते, चुकला की हातावर पट्टी मारते. ती त्याला जिंकू देईल असं तुम्हाला वाटतं का? मुळीच नाही. पण तो दर खेपेला थोडा थोडा तिच्या वेगाच्या जवळ येतोय, आणि ते मला माझ्या कळांवर कळतंय. एवढं एक वर्ष तरी मला चालू द्या.