काहिलीखालची जमीन

मी काहील बोलतेय. तुमच्या गुऱ्हाळातली काहील माझी बहीणच, फक्त मी बार्बाडोसची. विलायतेत ओतले गेले, जहाजातून आले आणि पेल्हॅम घराण्याच्या ऊसमळ्यात चुलाणावर चढले.

माझ्यातला उकळता रस ढवळायचे गुलाम. पाक उडून त्यांची कातडी सोलून निघायची. साहेबांच्या चहाला मात्र गोडी यायची. पुढे गुलामगिरी उठली. सरकारने भरपाईही दिली, अगदी राजरोस. कोणाला म्हणता? मालकांना! हातचे गुलाम गेले ना बिचाऱ्यांचे! गुलामांच्या हाती धुपाटणेसुद्धा आले नाही.

मळ्याचे हॉटेल झाले तेव्हा चुलाण पाडून माझ्याभोवती हिरवळ केली आणि माझ्यात कमळे लावली. पाहुणे मला टेकून फोटो काढतात नि "किती सुंदर!" म्हणतात. मला संताप येतो, पण काहिलीला विचारतो कोण?

मळ्याच्या कडेला उर्सेलीन गिटेन्स राहते. तिची खापरपणजी माझ्याच चुलाणापाशी राबली. घर उर्सेलीनचे, जमीन पेल्हॅमांची. म्हणून इकडच्या गरिबांच्या रीतीप्रमाणे तिचे लाकडी घर सुट्या दगडांवर टेकलेले. मालकाने ऊठ म्हटले की फळ्या सोडवायच्या, गाडीवर घालायच्या आणि चालू लागायचे. यंदा हॉटेलला तिथे टेनिसचे मैदान हवे होते, तेव्हा तिलाही निघायला सांगितले.

नेमकी तेव्हाच गुलामांच्या वारसांना भरपाई देण्याची चर्चा पेटली आणि धाकटे पेल्हॅम विलायतेहून माफी मागायला आले. हिरवळीवर कॅमेरे आले, रम आली, गावकऱ्यांना चक्क खुर्च्या मिळाल्या.

"माफी राहू द्या साहेब, माझ्या घराखालची जमीन द्या," उर्सेलीन म्हणाली.

"बाई, भरपाई अशी ढोबळ नसते. ती आतून यावी लागते." साहेबांनी डोळे पुसले. मग भरात येऊन माझ्या काठावर हात ठेवला. "ही काहील, आणि ती उभी आहे ती जमीन, आजपासून तुमची!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"लिहून देता?"

कॅमेरे रोखलेले. साहेबांनी झोकात सही ठोकली.

उर्सेलीन शेजाऱ्याकडे वळली. "ऑर्विल, ऐकलंस ना? ऊठ, घर घेऊन ये."

"आंटी, जागा बघ की केवढीशी!"

"आपल्या माणसांनी याहून कमी जागेत समुद्र ओलांडलाय. आण तू."

सगळा गाव फळ्या वाहायला लागला. दिवस मावळायच्या आत माझ्याभोवती चार भिंती उभ्या राहिल्या, आणि दारात माशांचे वडे तळायला पडले.

मॅनेजर धावत आला. "अरे, हे काय चाललंय?"

"भरपाई," ऑर्विल म्हणाला आणि पुढचा खिळा ठोकला.

आता खटला चालू आहे. पेल्हॅमांचे वकील म्हणतात, जमीन फक्त काहिलीच्या बुडाएवढी; तीही काहील तिथे आहे तोवरच. तेव्हापासून हॉटेलची माणसे दोर घेऊन खिडकीशी घुटमळतात. उर्सेलीन मला पाठ टेकून झोपते.

न्यायाधीश महाराज, निकाल लवकर द्या. म्हातारी थकली आहे. तोवर या लोकांनी खुशाल ओढून पाहावे. गुलामांनी मला इथवर वाहून आणले होते. यांच्याने मी हलायची नाही.